शेवटाची अट तेवढी काढून टाका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपल्या दिवाळी कथास्पर्धेचं निवेदन आलं. ते कात्रीनं कापून मी आमच्या ग्रंथालयाच्या सूचना फलकावर लावलं. आमच्या तालुक्यातली पोरं लिहितात, पण लिहिलेलं पाठवायचं कुठं हे त्यांना कळत नाही. टाचणी लावता लावता पुन्हा एकदा वाचलं आणि चौथ्या अटीपाशी अडले. कथेतून सकारात्मक संदेश मिळावा आणि शेवट आशादायी असावा, असं आपण म्हटलं आहे. ही एक अट आपण काढून टाकावी, एवढ्यासाठी हे पत्र. पत्र लांबणार आहे. छापताना काटछाट केली तरी माझी तक्रार नाही, पण आपण स्वतः ते शेवटपर्यंत वाचावं.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. ग्रंथालय 'ब' वर्गाचं. 31 वर्षं देवघेवीच्या टेबलावर बसते आहे. कोणतं पुस्तक किती दिवसांनी परत येतं, हे मला नोंदवही न उघडता सांगता येतं. कादंबरी पंधरा दिवस घरी राहते आणि बऱ्याचदा मुदत वाढवून नेतात. कथासंग्रह चौथ्या-पाचव्या दिवशी परत येतो. आणि तो परत देताना माणूस टेबलापाशी रेंगाळतो. कादंबरी ठेवताना 'छान आहे हो' म्हणून निघून जाणारा वाचक कथासंग्रह ठेवताना भांडायला लागतो. 'त्या बाईनं माहेरी जायलाच नको होतं.' 'नको कसं? तिच्या जागी मी असते तर मीही गेले असते.' मागं उभा असलेला तिसराच माणूस मधे बोलतो. ज्या माणसाविषयी हे सगळे भांडतात तो कागदावरचा असतो, हे कुणाच्या ध्यानातही नसतं. माझ्या नोकरीत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कुठली विचाराल, तर हे टेबलापाशी होणारं भांडण.

भांडण कशावरून होतं, तेही मी इतकी वर्षं ऐकत आले आहे. कथेतल्या माणसापुढं दोन वाटा असतात आणि दोन्हीकडं काहीतरी हातचं जाणार असतं. एकीकडं चांगलं आणि दुसरीकडं वाईट असं असेल तर भांडायचं कशाला? तिथं कुणीही चांगलंच निवडेल. दोन्हीकडं नुकसान असतं तिथंच वाचणारा थांबतो, आपल्या घरातलं काहीतरी त्याला आठवतं, आणि मग तो बोलतो.

भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा काही वर्षांपूर्वी शाळेच्या पुस्तकात होती. बाजारात भाव पडलेला, टोमॅटोला गिऱ्हाईक कवडीमोल मागतं, आणि शेवटी बाप आपल्याच हातानं पिकवलेल्या मालावर चढून तो पायाखाली तुडवतो. आमच्या अभ्यासिकेत तेव्हा एक मुलगा संध्याकाळी यायचा, कारण घरी वीज नसायची. एकदा तो वही घेऊन माझ्याकडं आला. या पाठातून काय बोध मिळतो, असा प्रश्न होता, आणि त्यानं गाईडातून उत्तर उतरवलं होतं की शेतकऱ्यानं संकटात धीर सोडू नये. मला म्हणाला, "मॅडम, हे बरोबर आहे का?" मी म्हटलं, तुला काय वाटतं? तो गप्प. मग वहीच्या कोपऱ्यावर पेनाचं टोपण घासत हळूच म्हणाला, "आमच्या पप्पांनी सोमवारी कोथिंबीर परत आणली. सगळी म्हशीपुढं टाकली. म्हैस पण खाईना शेवटी." आणि थोड्या वेळानं, "म्हणजे पप्पांनी धीर सोडला असं लिहायचं का?"

त्याला उत्तर देणं मला जमलं नाही. आजही जमणार नाही. तुडवावं, का मातीमोल भावानं विकून टाकावं, का भाडं भरून घरी परत न्यावं? तिन्ही वाटा ज्यानं मरमर करून पिकवलं त्याच्याच जिवावर उठणाऱ्या. चंदनशिवांनी तो बाप तुडवताना दाखवला आणि तो बरोबर का चूक हे सांगितलं नाही. म्हणून तो मुलगा आपल्या बापाबद्दल बोलू शकला. गाईडातल्या उत्तरानं त्याचं तोंड बंद केलं होतं आणि कथेनं ते उघडलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आपली चौथी अट त्या गाईडातल्या उत्तरासारखी आहे, असं मला मनापासून वाटतं. कडक बोलल्याबद्दल राग मानू नये.

दुसरा प्रसंग. बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह 1963 चा. आमच्याकडची प्रत दोनदा बांधून झाली आहे. त्यातल्या त्या नावाच्या कथेत परगावी नोकरीवर गेलेला तरुण राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो आणि उघडकीला आल्यावर बेदम मार खातो. त्याच कथेत जात न लपवता ताठ मानेनं वावरणाराही एक आहे. म्हणजे वाटा दोन, आणि दोन्हीची किंमत भारी. पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या तयारीला गेलेला आमचा एक वाचक सुट्टीत आला आणि हे पुस्तक घेऊन गेला. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी कुलूप उघडायच्या आधी तो पायरीवर बसलेला. पुस्तक दिलं आणि म्हणाला, "मॅडम, साठ वर्षांपूर्वीचं आहे ना हे?" मी म्हटलं, हो. "खोली बघायला गेलं की अजून पहिलं आडनाव विचारतात. मी खोटं सांगितलं एका ठिकाणी. तीन महिने राहिलो. मग जयंतीच्या दिवशी राहवलं नाही, निळा टिळा लावून बाहेर पडलो आणि संध्याकाळी सामान उचललं." नंतर बराच वेळ बसला. चहा घेतला. मी त्याला काही समजावलं नाही आणि त्यालाही समजावून घ्यायचं नव्हतं. आपण केलं ते आधी कुणीतरी केलं आहे आणि त्याची सगळी हकीकत न लाजता लिहून ठेवली आहे, एवढं त्याला मिळालं होतं.

या कथेला आशादायी शेवट असता तर? घरमालकाला पश्चात्ताप झाला, त्यानं हात जोडले, असं काही? तर तो मुलगा पायरीवर येऊन बसला नसता, एवढं मी खात्रीनं सांगते.

मराठी कथेला हे नवं नाही. हरिभाऊ आपट्यांनी 'काळ तर मोठा कठीण आला' ही गोष्ट दुष्काळावर लिहिली, त्याला शंभरावर वर्षं झाली. पुढं गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांनी कथेला घटनेच्या मागं उभ्या असलेल्या माणसाच्या मनापर्यंत नेलं. 'सत्यकथा' मासिक 1982 मध्ये बंद पडलं, तरी त्याचे काही जुने अंक आमच्या मागच्या कपाटात आहेत. पानं पिवळी पडून काठाला तुटतात, म्हणून ते मी घरी देत नाही, इथंच बसून वाचायला देते. कथेचे दिवस गेले असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण 2012, 2016 आणि 2021 या तिन्ही वर्षी मराठीचा साहित्य अकादमी पुरस्कार कथासंग्रहांनाच गेला. जयंत पवार, आसाराम लोमटे आणि किरण गुरव. पवारांच्या कथांमागं गिरणगाव आहे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांच्या घरात निवडीची वेळ आली. कामावर परत जायचं की नाही, गावी फिरायचं की नाही, पोराला शाळेतून काढायचं की बायकोला खानावळ काढू द्यायची? लोमटे आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातले. त्यांच्या माणसांच्या तोंडी आमची भाषा आहे, त्यामुळं आमच्या वाचकांना ती शेजारची माणसं वाटतात. गुरवांच्या पुस्तकाच्या तर नावातच 'अवस्थांतर' आहे. बदल दाराशी आलेला आणि माणूस उंबऱ्यात उभा, ही मराठी कथेची आवडती जागा आहे. तिथून तिला हलवू नका.

घरातलं एक सांगते. 72 च्या दुष्काळात मी लहान होते. वडील खडी फोडायच्या कामावर जायचे. दावणीला दोन बैल होते, दोन्ही घरच्या गाईचे. चारा एकालाच पुरेल एवढा राहिला होता. एक विकायचा हे ठरलं, पण कोणता, ते ठरेना. थोरला कामाला पक्का, पण वय झालेलं, त्याला कसायाशिवाय कोण घेणार? धाकटा तरणा, त्याला शेतकरी गिऱ्हाईक मिळेल, पण मग पाऊस पडल्यावर पेरणी कशावर करायची? आई सांगायची की वडील तीन रात्री गोठ्यात झोपले. चौथ्या दिवशी पहाटे धाकट्याला घेऊन बाजाराला गेले. पेरणीला म्हातारा बैल आणि शेजाऱ्याचा एक, अशी वारंगुळ्याची जोडी जुंपली. वडिलांनी बरोबर केलं का? आईला विचारलं की ती म्हणायची, "काय की बाई. दोन वर्षं ते त्या बाजाराच्या वाटंनं गेले नाहीत." मला कथा लिहिता येत नाही. येत असती तर गोठ्यातल्या त्या तीन रात्री लिहिल्या असत्या. आणि मग आपल्या अटीप्रमाणं शेवट काय करायचा? पाऊस पडला, म्हणून आशादायी म्हणायचं? पाऊस पडला होता, हे खरं आहे. पण गोष्ट पावसाची नाही.

आता दुसरी बाजू. ती मला ठाऊक नाही असं समजू नका. आपण ही अट का घातली असेल याचा मी विचार केला आहे. आमच्या जिल्ह्यात रोजच्या बातम्याच अशा असतात की माणसाला आणखी दुःख वाचायला नको वाटतं. आमचे एक वाचक एसटीतून निवृत्त झालेले. घरी पत्नी अंथरुणाला खिळलेली. ते स्पष्ट सांगतात, "रडकं काही देऊ नका." त्यांना मी द. मा. मिरासदार देते, शंकर पाटील देते. ही पुस्तकं शिवून शिवून पाठीला जाड झाली आहेत, इतकी ती चालतात. ते गृहस्थ रात्री पत्नीला मोठ्यानं वाचून दाखवतात. त्यांना हसायला मिळालं पाहिजे. तो त्यांचा हक्क आहे आणि त्या कथा ज्यांनी लिहिल्या त्यांनी त्या हसवायच्या म्हणूनच मनापासून लिहिल्या. आशेनं संपणाऱ्या कथांना माझा विरोध नाही. कथा चालत चालत आपसूक आशेपाशी पोचली तर मला आनंदच आहे. पोचायलाच पाहिजे असं आधी ठरवून दिलं की लिहिणारा पहिल्या ओळीपासून तिकडं डोळा ठेवून लिहितो. मग माणसापुढचा पेच खरा राहत नाही. दोन वाटांपैकी एक आधीच बंद केलेली असते. वाचणाऱ्याला ते कळतं. आमच्या टेबलापाशी अशा कथेवरून भांडण होत नाही.

आता ज्या कारणानं पत्र लिहायला बसले ते सांगते.

आपलं निवेदन फलकावर लागल्यावर तिसऱ्या दिवशी एक मुलगी कथा घेऊन आली. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आई-वडील दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. आपल्या शहरातल्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती ऊस तोडून फेडायची. मुलं बरोबर नेली तर शाळा बुडते. म्हाताऱ्यांपाशी गावात ठेवली तर जीव टांगणीला, आणि मुलगी असली तर जास्तच. हंगामी वसतिगृहं आहेत, पण ती सगळ्यांना पुरत नाहीत. कितीतरी पोरींची लग्नं तेरा-चौदाव्या वर्षी याच धास्तीनं लावून टाकतात. लग्न लावलं की आणखी एक कोयता होतो, हेही त्यातच.

कथा फुलस्केप कागदावर होती, टाचणी लावलेली. पहाटे चारची वेळ. गावाबाहेर ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीत भांडी, पाल ठोकायच्या काठ्या, शेळी, कोंबड्यांचं खुराडं. बाप चढलेला. आई खाली उभी, तिच्या एका हातात पोरीचं दप्तर आणि दुसऱ्या हातात पोरीचा हात. आजी मागं बाजेवर, तिला दिसत नाही. मुकादम चला चला म्हणतोय. आईला ठरवायचं आहे. पोरीला वर घ्यायचं की आजीपाशी ठेवायचं. रात्रभर तिनं दोन्ही ठरवून पाहिलं आहे. पोरगी काही बोलत नाही, फक्त ट्रॉलीतल्या शेळीकडं बघते, कारण शेळीला कुणी विचारलेलं नाही, तिला उचलून ठेवलेलं आहे. हे शेळीचं वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. 31 वर्षांत मी हजारो पानं वाचली, पण असं वाक्य मला सुचणार नाही. आईचा एक पाय ट्रॉलीच्या फळीवर, आणि दप्तर अजून हातात. सहा पानं निळ्या शाईत, इथपर्यंत.

त्याच्या खाली आठ ओळी काळ्या शाईत होत्या. त्यात ती पोरगी शिकते, कलेक्टर होते, लाल दिव्याच्या गाडीतून गावात येते, आई तिला ओवाळते, आणि शिक्षणानं सगळं शक्य आहे असं शेवटचं वाक्य.

मी विचारलं, हे नंतर लिहिलंस का? म्हणाली, "हो मॅडम. अट वाचली ना फलकावरची." लाल दिवा तर सरकारनं 2017 मध्येच काढून टाकला. तो तिनं पाहिलेलाच नाही. त्या आठ ओळींतलं काहीच तिनं पाहिलेलं नाही. ट्रॉली पाहिली आहे, दप्तर पाहिलं आहे, आणि शेळी पाहिली आहे.

मी तिला विचारलं, तुझ्या आईनं खरं काय केलं होतं? ती म्हणाली, "मला ठेवलं. माझ्या बहिणीला नेलं. एका पोरीला ठेवून दुसरीला नेलं, मॅडम. कसं ठरवलं ते आईनं कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही." बहीण आता कुठं आहे, हे मी विचारलं नाही. ती आज कथा लिहिते आहे, कारण त्या पहाटे तिला ठेवलं. आशा म्हणायची तर ती इथं आहेच, पण तिच्या शेजारीच ट्रॉलीत बसलेली बहीण आहे. हे दोन्ही एकदम दाखवायचं बळ त्या सहा पानांत आहे. काळ्या शाईनं ते काढून घेतलं.

संपादक महाराज, आपल्याकडं अशा कितीतरी कथा येतील. ज्यांना लिहिता येतं त्यांना अट वाचताही येते, आणि जी पोरं पहिल्यांदा पाठवतात ती अटी देवाज्ञेसारख्या पाळतात. मुरलेला लेखक अट बाजूला ठेवून आपल्याला हवं ते लिहील. पहिल्यांदा लिहिणाऱ्याची ती हिंमत होत नाही. म्हणजे ही अट नेमकी ज्यांचं ऐकायला पाहिजे त्यांचंच तोंड दाबते.

शब्दमर्यादेबद्दलही एक ओळ. 800 शब्दांत पेच उभा राहत नाही. माणूस उभा राहीपर्यंतच जागा संपते. निदान 2000 शब्द द्या. पुरवणीत जागा कमी पडत असेल तर तीनाऐवजी एकच कथा छापा, आम्ही ती फलकावर लावू.

त्या मुलीनं कथा माझ्याकडं ठेवली आहे. शेवटच्या आठ ओळी ठेवायच्या की खोडायच्या, असं तिनं मला विचारलं. मी सांगितलं नाही. ठेवल्या तर निवड होण्याची शक्यता, आणि तिला पहिल्या बक्षिसाच्या रकमेची खरोखर गरज आहे. खोडल्या तर कथा तिची. यातलं एक निवडायला मी कोण? ती म्हणाली, विचार करून पुढच्या शनिवारी येते.

आपली मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. अट काढणार असाल तर या रविवारच्या पुरवणीत तसं दोन ओळीत छापा. अंक आमच्याकडं सकाळी साडेसातला येतो, मी लगेच फलकावर लावीन. काढणार नसाल तर तेही छापा, म्हणजे तिला शनिवारपर्यंत थांबवून ठेवलं त्याचं मला उत्तर देता येईल. तोवर ती पानं टेबलाच्या खणात आहेत, आणि टाचणी मी बदलली आहे, जुनी गंजली होती.

पत्रात आमच्या वाचकांच्या घरच्या गोष्टी आल्या आहेत आणि गाव लहान आहे, म्हणून माझं नाव आणि गावाचं नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक ग्रंथपाल,
जि. बीड